बाळाच्या टोपीचं माप नारळावर

आपल्या विणकाम गटात नवजात बाळांना देण्यासाठी टोप्या विणणाऱ्या बऱ्याच, पण समोर बाळ नसतं. मग एकीची टोपी डोळ्यांवर उतरते, दुसरीची डोक्यावर चढतच नाही. गोव्यात घरोघरी असलेला सोललेला नारळ इथे कामी येतो.

१. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो. टेप लावून तेवढ्या घेराचा नारळ निवडा. काथ्या अडकू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा.

२. टोपी न ताणता सुमारे ३० सेंमी घेराची विणा, ताणून नीट बसते.

३. पहिले टाके दोन सुया एकत्र धरून घाला, मग एक काढून घ्या. कड सैल राहते, कपाळावर वळ उठत नाही.

४. नारळावर चढवून बघा. सहज चढली, सहज निघाली की झालं.

धागा मऊ, धुता येणारा घ्या. आपल्या दमट हवेत सुतीच बरा. जाड लोकर पावसाळ्यात वाळता वाळत नाही, वासही धरते. देण्याआधी एकदा धुवा.

गोंडे, बटणं, रिबिनी नकोतच, कितीही गोजिरवाण्या दिसल्या तरी. आणि सोबत चिठ्ठी ठेवा: घरी बाळ झोपलं की टोपी काढावी. उकाड्यात अंग तापतं, शिवाय टोपी सरकून नाकातोंडावर येऊ शकते. रुग्णालयात असेपर्यंत मात्र डॉक्टर, नर्स सांगतील तसं.