लग्नात द्यायची गोधडी, जुन्या साड्यांची, हातानं शिवलेली

भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय हे कळलं तेव्हाच मी ताईला सांगून टाकलं, माझ्याकडून मिक्सर नाही, गोधडी. डबल बेडची, पूर्ण हातानं. तुम्हाला करायची असेल तर निदान चार महिने हातात ठेवा आणि रोज अंगावर घेता येईल अशी करा, कपाटात जपून ठेवायची नको. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

म्हणजे कापड सुतीच. पैठणीचा तुकडा घालायचा मोह मलाही झाला, पण रेशीम धुण्यात टिकत नाही, जरीची तार टोचते, आणि सिंथेटिक साडी शिवताना सरकते, इस्त्रीला चिकटते ते वेगळंच. वर्षानुवर्षं नेसून धुऊन मऊ पडलेली सुती साडी किंवा लुगडं, त्याला तोड नाही. उजेडासमोर धरलं की विरलेला भाग दिसतो, तो सोडून द्यायचा. माझ्याकडे आईच्या साड्या होत्या, आजीचं हिरवं लुगडं होतं, माझ्याही दोन, आणि भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंना फोन करून एक मागितली. हा फोन कराच, कारण काही घरांत लग्नात वापरलेलं कापड दिलेलं आवडत नाही, काहींना काळा रंग चालत नाही, मग सगळं शिवून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. त्यांनी दोन पाठवल्या. एकीच्या पदराजवळ मुंगीएवढ्या टाक्यांचं रफू होतं, तो चौकोन मी मुद्दाम घेतला, बरोब्बर मधोमध लावला.

कापायच्या आधी प्रत्येक साडी ओली करून पांढऱ्या रुमालानं चोळून बघा. मी एका मरून साडीचं हे केलं नाही, नुसती मिठाच्या पाण्यात भिजवली, आणि जोडलेले दोन पांढरे तुकडे पाणी लागताच गुलाबी झाले, उसवून बदलण्यात अख्खी दुपार गेली. रंग सोडणारी साडी सरळ बाजूला काढायची.

आता माप. पुठ्ठ्याचा साडेसहा इंची चौकोन कापून घ्या, त्यावरून खडूनं आखून तुकडे कापा. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत गेलं की 6 इंच उरतात. रुंदीत 14, लांबीत 16, म्हणजे 224 तुकडे आणि गोधडी सात बाय आठ फुटांची. जोडण्याआधी सगळे फरशीवर मांडून एक रात्र तसेच राहू द्या, सकाळी रंग कुठे एकत्र आलेत ते लगेच दिसतं. आधी ओळी जोडायच्या, मग ओळीला ओळ.

खालच्या थरांसाठी साडीचं माप छान जुळतं. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडले की जवळपास 90 इंच रुंद आणि 108 इंच लांब थर तयार. असे तीन करा, एक पाठीचा, दोन आतले. कापूस किंवा फायबर नको, धुतल्यावर गोळे होतात.

सगळे थर फरशीवर घालून दोघींनी चारी कोपरे ओढून ताणायचे आणि वीतभर अंतरावर कच्चा टाका घालायचा. इथे कंटाळा करू नका. आपल्याकडे गोधडी कडेनं सुरू करून गोल गोल फिरत मध्यावर आणतात, त्यामुळे थरांत कुठे ढिलं राहिलं तर ते पुढे पुढे सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. कच्चा टाका नीट असेल तर येत नाही.

मग धावदोरा. लांब सुई, जाड सुती दोरा हातभरच, त्याला मेण लावलं की गुंता होत नाही. सुईवर चार-पाच टाके भरून एकदम ओढायचे, दोन रांगांत दोन बोटं अंतर, गाठ थरांच्या आत ढकलायची. अंगुस्तान घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बोट सुजतं. दीड इंचाच्या अंतरानं एवढ्या गोधडीला साधारण 135 मीटर धावदोरा लागतो, मी जेवणं उरकल्यावर दीड तास बसायचे, चारेक मीटर व्हायचा. रांग थोडी वाकडी गेली तरी उसवू नका, टाका मात्र पाठीमागेही उमटलाय ना हे हात फिरवून बघत राहा.

पाठीचं जास्तीचं कापड पुढे दुमडून गोट करा, आतले थर मात्र आधी कापून घ्या. पाठीच्या कोपऱ्यात दोघांची नावं आणि लग्नाची तारीख साखळीटाक्यानं घाला, मग कच्चे टाके काढून गार पाण्यात एकदा धुऊन सावलीत वाळवा.

आणि उरलेले तुकडे टाकू नका. प्रत्येक साडीचा एकेक, थोडा दोरा आणि एक सुई असं छोट्या पिशवीत घालून गोधडीसोबत द्या, कुठे फाटलं की त्याच साडीचं ठिगळ लावता येतं.