गिअरबॉक्स एकदाच उतरवावा : जुन्या ऑडी टीटीचे मोठे काम करून घेताना

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सकाळी सुरू करावे आणि पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा खडखडाट यावा, नंतर तेलाचा दाब वाढताच तो विरून जावा, हे ऑडी टीटी ३.२ क्वाट्रो ह्या चारही चाकांना गती देणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या मालकाने कधीही दुर्लक्षू नये असे लक्षण आहे; टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवणारी साखळी, ताणली गेल्याची ती खूण असू शकते. माझ्याकडे एमएच २० पाटीची ही गाडी अनेक वर्षे आहे. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा वसाहतीत ऑडीच्या अनेक गाड्या जोडल्या गेल्या, परंतु टीटी मात्र पूर्ण तयार अवस्थेत आयात होऊन आली. त्यामुळे कारखाना घरापासून जवळ असला तरी ह्या गाडीचा पार्ट मात्र लांबूनच मागवावा लागतो. मराठवाड्यात राहून अशा जुन्या स्पोर्ट्स कारची चेन बदलण्याचे मोठे काम कसे करून घ्यावे, हे पुढे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम ह्या कामाचे मूळ समजून घ्यावे. २००६ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टीटीमध्ये ३१८९ सीसीचे, २५० अश्वशक्तीचे व्हीआर६ इंजिन आहे. त्याचे सहा सिलिंडर अरुंद कोनात एकाच हेडखाली बसवलेले असून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट) फिरवणाऱ्या दोन टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या बाजूस नसतात, तर गिअरबॉक्सच्या बाजूस, फ्लायव्हीलमागे असतात. म्हणजे चेन बदलायची तर गिअरबॉक्स उतरवणे आलेच, आणि त्यासाठी पुढची सबफ्रेम खाली घ्यावी लागते, एक्सल सोडावे लागतात, मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा शाफ्ट बाजूला करावा लागतो. ह्या कामात मजुरी हाच मोठा खर्च आहे. म्हणून गिअरबॉक्स खाली आला की त्याच्या आड दडलेली सगळी कामे त्याच वेळी उरकून घ्यावीत, हा माझा ठाम आग्रह आहे. हा आग्रह अनुभवातून आला आहे. पहिल्यांदा माझ्या गाडीचे दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारे जड चाक) वाजू लागले, तेव्हा एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बदलले आणि चेनकडे न पाहता सगळे बंद केले. अकरा महिन्यांनी चेनसाठी तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला आणि तीच मजुरी मी दुसऱ्यांदा भरली.

चेन खरोखर ताणली गेली आहे की नाही, हे आवाजावरून ठरवू नये. जर्मन गाड्यांसाठी असलेल्या डायग्नोस्टिक संगणकावर कॅमशाफ्टच्या जुळणीचे आकडे दिसतात. ते इंजिन गरम असताना वाचून तारखेसह वहीत लिहावेत आणि पुढच्या सर्व्हिसला पुन्हा वाचावेत. आकडा एकाच दिशेने सरकत असेल तर चेन लांबत चालली आहे असे समजावे. पी ००१६ किंवा पी ००१७ हे कोड आले असतील तर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य शाफ्ट) आणि कॅम यांचा मेळ सुटला आहे, असा त्यांचा अर्थ होतो, आणि मग गाडी चालवणे थांबवावे, कारण ह्या इंजिनात चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तेलाचा फिल्टर बदलताना त्याचा कागद कापून, उलगडून उन्हात धरावा. त्यात सोनेरी किंवा रुपेरी कण चमकत असतील तर एस्टिमेट मागण्यापूर्वीच मेकॅनिकला ते दाखवावेत.

खर्चाचा निर्णय घेताना आरटीओचाही हिशेब मांडावा. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण ५-५ वर्षांसाठी करावे लागते, आणि एप्रिल २०२२ मध्ये आयात चारचाकीसाठी हे शुल्क ४० हजार रुपये करण्यात आले. पर्यावरण कर त्याहून वेगळा. गाडी पुढची ५ वर्षे ठेवायची असेल तरच हे मोठे काम काढावे, आणि ते फिटनेस तपासणीच्या आधी काढावे, म्हणजे ब्रेक, दिवे आणि धूर यांची व्यवस्था त्याच वेळी लागते.

आता पार्टांविषयी. पार्ट हातात येण्यापूर्वी गाडी उघडू देऊ नये. उघडलेली गाडी रॅम्पवर महिनाभर अडकून राहिली की नटबोल्ट हरवतात, उघड्या तोंडातून धूळ आत जाते आणि मालकाची घाई पाहून मिळेल तो पार्ट बसवला जातो. गाडीचा १७ अक्षरांचा चासी नंबर आणि इंजिनाचा कोड देऊन प्रत्येक पार्टचा नंबर लेखी मागवावा, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांतही पार्ट वेगळे निघतात. यादीत दोन्ही चेन, दोन्ही टेन्शनर (चेन ताणून धरणारे), सगळे गाइड (चेनला वाट देणाऱ्या पट्ट्या), चेनच्या झाकणांची पॅकिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील, दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील, गिअरबॉक्सचे तेल व फिल्टर, थर्मोस्टॅट आणि त्याच्या शेजारची कूलंटची प्लॅस्टिकची नळी एवढे तरी असावे. ही नळी वयानुसार ठिसूळ होते आणि हात लावताच तुटते. शेवटी ठराविक अंश फिरवून आवळायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. त्यांचा नवा संच मागवावा. मूळ पुरवठादाराचीच चेन घ्यावी, कारण स्वस्त किट २० हजार किलोमीटरनंतर पुन्हा वाजू लागले तर वाचलेले पैसे मजुरीतच जातात.

गॅरेज निवडताना दुकानाच्या काचा आणि सोफे पाहू नयेत. कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवणारी पट्टी तुमच्याकडे आहे काय, आणि ह्या इंजिनाची चेन यापूर्वी कुणी बदलली आहे, हे दोनच प्रश्न विचारावेत. वाळूजच्या वसाहतीत अशी पट्टी घडवून देणारे कसबी हात पुष्कळ आहेत, त्यांच्या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही ही पट्टी विकतच घ्यावी, कारण जाडीत थोडा फरक पडला तरी टायमिंग चुकते. अनुभवी मेकॅनिक जवळ नसेल तर पुणे गाठावे. सुमारे २३५ किलोमीटरचे हे अंतर गाडी चालवत किंवा पुढची चाके उचलून ओढत नेऊ नये. चारही चाकांना गती देणारी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

काम पावसाळ्यात काढणे मला सर्वात सोयीचे वाटते. जमिनीलगत बसणारी गाडी त्या महिन्यांत फारशी बाहेर काढता येत नाही, दसऱ्याची गर्दी अजून लांब असते आणि काळ्या मातीची धूळ खाली बसलेली असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये चेनचे झाकण उघडे राहिले तर वाऱ्याबरोबर येणारी ती बारीक धूळ तेलात मिसळते, म्हणून मेकॅनिक जेवायला जातानाही उघड्या भागावर स्वच्छ, धागे न सुटणारे कापड झाकण्याची अट आधीच घालावी. उन्हाचा दुसरा अडथळा गिअरबॉक्सच्या तेलात आहे. ह्या गाडीच्या सहा गिअरच्या दुहेरी क्लच गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना तपासायची असते. मे महिन्यात संभाजीनगर किंवा परभणीत दुपारी हवाच ४२ अंशांवर असते, आणि इंजिन सुरू होताच तेल ४५ च्या पुढे निघून जाते; पातळी चुकते आणि मग गिअर झटका देऊ लागतो. हे काम सकाळी सात वाजता, तापमान संगणकावर पाहतच करून घ्यावे.

गिअरबॉक्स उतरला की स्वतः जाऊन पाहावे. काढलेल्या गाइडवर अंगठ्याचे नख फिरवले तर चेनने पाडलेल्या खाचा नखाला लागतात. माझ्या गाडीच्या वरच्या गाइडची एक कड तुटून तेलाच्या टाकीत पडलेली होती, म्हणून टाकी उतरवून तेल शोषणाऱ्या नळीची जाळी साफ करणेही ह्याच वेळी करावे. नवी चेन बसल्यावर झाकण लावण्यापूर्वी इंजिन हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवून कॅमची पट्टी पुन्हा सहज बसते का, हे आपल्या समोर दाखवायला सांगावे. ती अडत असेल तर एक दातही पुढे-मागे मान्य करू नये.

कूलंटच्या बाबतीत मराठवाड्यातील मालकाने विशेष जागरूक असावे. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, आणि वाटेत पातळी कमी झाली की पंपावरच्या नळाचे पाणी भरण्याची सवय सर्वत्र आहे. माझ्या गाडीचे थर्मोस्टॅट काढले तेव्हा त्याच्या तोंडावर चहाच्या किटलीत बसतो तसा पांढरा थर होता आणि तो स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. अशा थरामुळे थर्मोस्टॅट अडकते आणि रेडिएटरच्या नळ्या अरुंद होतात. संपूर्ण प्रणाली डिस्टिल्ड पाण्याने, बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावी, आणि मग कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे जांभळे कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि अॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवते, आणि ह्या दोन्ही गोष्टी उष्ण प्रदेशातच अधिक लागतात. बाजारातील साधे हिरवे कूलंट त्यात मिसळू नये, कारण दोन्हींच्या संयोगाने चिकट गाळ तयार होऊ शकतो.

मागच्या अॅक्सलवरील हाल्डेक्स कपलिंगचे (गरजेनुसार मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या जोडणीचे) तेल व फिल्टर, ब्रेकचे तेल आणि स्पार्क प्लग ही कामे त्याच भेटीत करून घ्यावीत. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकड्यातून तयार झाल्याचा आठवडा व वर्ष कळते. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, समृद्धी महामार्गावर नेऊ नये, आणि बदलायचे झाल्यास चारही एकदम बदलावेत, कारण पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की हाल्डेक्सवर विनाकारण ताण येतो.

गाडी परत घेताना जुने पार्ट मागून घ्यावेत आणि नव्यांच्या रिकाम्या खोक्यांवरील नंबर बिलाशी पडताळावेत. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने आवळलेले असावेत, नुसत्या हवेच्या बंदुकीने नव्हे. सबफ्रेम उतरवलेली असल्यामुळे व्हील अलाइनमेंटचा छापील कागद घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. इंजिनाचे तेल बदलण्याचा अंतराल दीर्घायुषी तेलाच्या जाहिरातीवर सोडू नये; चेन लांबण्यामागे जुने झालेले, पातळ पडलेले तेल हे मोठे कारण असते, म्हणून मी ७५०० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलतो.

गाडी घरी आणल्यावर त्या रात्री ती हलवू नये. सकाळी बॉनेट उघडून, शेजारी कुणाला तरी कान देऊन उभे करून इंजिन सुरू करावे आणि ते पहिले तीन सेकंद ऐकावेत. त्यानंतर दौलताबादमार्गे खुलताबादचा घाट चढून यावे, परत येताच गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावर तेलाचा किंवा जांभळा डाग आहे का, ते पाहावे. ५०० किलोमीटर झाल्यावर तोच पुठ्ठा पुन्हा पसरावा, कॅमशाफ्टचे आकडे पुन्हा वाचावेत आणि वहीत जुन्या आकड्यांखाली लिहून ठेवावेत.