लाम्पांगला निवांत तीन रात्री: प्लॅन कसा करायचा

लाम्पांग हे नाव ऐकलं नसेल तर काही हरकत नाही, बँकॉकहून चियांग माईला जाणारे बहुतेक लोक झोपेतच हे स्टेशन ओलांडतात. उत्तर थायलंडमधलं मध्यम आकाराचं जिल्ह्याचं गाव, मधून वांग नदी वाहते, जुनी सागवानी घरं, बर्मी वळणाची देवळं, आणि अजूनही टांगे चालतात. बीच नाही, नाइटलाइफ जवळजवळ नाही. म्हणूनच ज्यांना दोन-तीन दिवस खरंच सावकाश घालवायचेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांना इथे बोअर होईल हे आधीच सांगते.

माझा नियम एकच, दिवसाला एकच गोष्ट ठरवायची आणि बाकी गावाच्या वेळापत्रकावर सोडायचं. आता हे वेळापत्रक आधी कळायला पाहिजे. गाव पहाटे जागं होतं, साडेदहा-अकरापर्यंत बाजार आटोपतो, दुपारी ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रीसुद्धा दिसत नाहीत, चारनंतर परत हालचाल, आणि रात्री नऊ-दहाला बहुतेक शटर खाली. म्हणजे सकाळी बाहेर, दुपारी खोलीवर एसीत झोप, संध्याकाळी परत बाहेर. दुपारची झोप प्लॅनमध्ये लिहूनच ठेवा, नाहीतर कोणीतरी एक जण हमखास म्हणतं की दोन तास आहेत तर अजून एक देऊळ करून टाकू.

वार बघून तिकीट काढा, हे सगळ्यात महत्त्वाचं. नदीकाठच्या जुन्या बाजारपेठेत, काद कोंग ता म्हणतात तिला, शनिवार-रविवार संध्याकाळी वॉकिंग स्ट्रीट भरतो. बुधवारी गेलात तर तीच गल्ली अगदी सुनसान असते. मला विचाराल तर दोन्ही बघण्यासारखं आहे म्हणून मी शनिवारी पोचून मंगळवारी निघायचं असं सुचवेन, गर्दीतही फिरून होतं आणि सोमवारी सकाळी रिकाम्या गल्लीत घरं नीट बघता येतात. एकेकाळी सागाच्या लाकडाचा व्यापार इथून चालायचा, त्यामुळे बर्मी, चिनी आणि ब्रिटिश कंपन्यांची माणसं इथे येऊन राहिली, आणि एकाच गल्लीत चिनी दुकानघर, शेजारी लाकडी जाळीच्या नक्षीचं बर्मी व्यापाऱ्याचं घर असं सगळं मिसळलेलं दिसतं. शनिवारी तळलेल्या सॉसेजच्या धुरात हे काहीच दिसत नाही.

सीझनचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. सकाळी हलकं जॅकेट लागतं, दुपार सुसह्य असते. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत अख्ख्या उत्तर थायलंडमध्ये शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर साठतो, त्यात लाम्पांग डोंगरांच्या मधे खोलगट जागी आहे त्यामुळे धूर हलत नाही आणि एप्रिलात पारा चाळिशीच्या वर जातो. दमा असेल तर या महिन्यांत जाऊच नका, हॉटेल स्वस्त मिळतंय या मोहात अजिबात पडू नका. जून ते ऑक्टोबर पाऊस, पण हिरवं असतं आणि बहुतेक वेळा दुपारनंतर जोरात कोसळून मोकळं होतं, मला आवडतो तो काळ.

कागदपत्रं पटकन सांगते. भारतीय पासपोर्टवाल्यांना जुलै २०२४ पासून थायलंडने ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली, पण हे नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर चालू नियम बघाच. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन, आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्हेप म्हणजे ई-सिगारेट नेऊ नका, तिकडे बंदी आहे.

आता जायचं कसं. विमान जातं, पण निवांत ट्रिपची सुरुवात स्लीपर ट्रेननेच करा. बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवात स्टेशनवरून संध्याकाळी चियांग माईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या सुटतात, मेट्रोच्या ब्लू लाइनचं बांग स्यू स्टेशन त्याला जोडलेलं आहे. जुनं हुआ लाम्पोंग स्टेशन अजून आहे पण लांब पल्ल्याच्या मुख्य गाड्या २०२३ पासून तिथून सुटत नाहीत, टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा. तिकीट थाई रेल्वेच्या डी-तिकीट साइटवर किंवा ॲपवर मिळतं, सुट्ट्यांच्या काळात लवकर संपतं. लोअर बर्थ घ्या, थोडा महाग पण रुंद असतो आणि खिडकी मिळते, वरच्या बर्थला डोक्याशी लाइट आणि एसीचा झोत. स्पेशल एक्सप्रेसने गेलात तर लाम्पांग साधारण पहाटे पाचच्या सुमाराला येतं, त्यामुळे अलार्म लावा आणि अटेंडंटलाही सांगून ठेवा, गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही. ट्रेनमध्ये आणि स्टेशनवर दारू चालत नाही.

पहाटे पाचला उतरून करायचं काय हा प्रश्न सगळे विचारतात. हॉटेलला आधीच मेसेज करून ठेवा, बॅगा ठेवून घ्यायला बहुतेक ठिकाणी कोणाची ना नसते. मग सरळ पांढऱ्या पुलाकडे जायचं. हा रत्सदापिसेक पूल १९१७ सालचा, काँक्रीटच्या कमानींचा, आणि त्यावर पांढरा कोंबडा आहे. कोंबडा हे लाम्पांगचं चिन्हच, रस्त्यावरच्या पाट्यांवर, वाडग्यांवर, जिथे बघाल तिथे कोंबडा. पुलाच्या टोकाशी रत्सदा बाजार आहे, तिथे पहाटे भाजी, फुलं, वाफाळता सोयामिल्क, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, आणि भिक्षा घ्यायला निघालेले भिक्खू. फोटो काढायचा तर लांबून काढा. बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं.

राहायला नदीच्या जवळ घ्या, एवढंच. काद कोंग ताच्या आसपास गेस्टहाउस आहेत, काही जुन्या लाकडी घरांत आहेत. लाकडी घरात वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खाली ऐकू येतं, झोप हलकी असेल तर वरची खोली मागा. हायवेवरचं मोठं हॉटेल स्वस्त असेल पण मग प्रत्येक चहासाठी गाडी बोलवत बसावं लागतं.

फिरायला गावात पाय किंवा सायकल पुरते. लांब जायचं असेल तर सोंगथ्यू, म्हणजे मागे दोन बाकडी असलेला शेअर पिकअप, चढायच्या आधी ठिकाण सांगा आणि भाडं विचारा. ग्रॅब हे गाडी बोलवायचं ॲप गावात चालतं, बाहेरून परत येताना गाडी मिळेलच याचा भरवसा धरू नका. स्कूटर घेणार असाल तर दुचाकीचा शिक्का असलेलं इंटरनॅशनल लायसन्स आणि हेल्मेट पाहिजेच, त्याशिवाय पोलीस दंड करतात आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

टांग्यावरून लोकांचं दुमत असतं. १९१६ ला रेल्वे लाम्पांगपर्यंत आली आणि स्टेशनवरून माणसं-सामान गावात न्यायला टांगे लागले, तिथून ही प्रथा पक्की झाली, आणि थायलंडमध्ये बाकी सगळीकडून गेली तरी इथे राहिली. आता मुख्यतः पर्यटकच बसतात. बसायचं तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर बसा, दर आणि फेरी आधी ठरवा, आणि घोडा नीट बघा, बरगड्या दिसत असतील किंवा लंगडत असेल तर सोडून द्या. भर दुपारी नका बसू, त्या जनावराचा तरी विचार करा.

रविवारची एक गोष्ट म्हणजे वात प्रा थात लाम्पांग लुआंग, वात म्हणजे देऊळ. गावाच्या नैऋत्येला साधारण १८ किलोमीटरवर, को खा तालुक्यात. गाडी जाऊन-येऊन आणि तिथे दीड-दोन तास थांबून अशी ठरवा. सकाळी आठच्या आत पोचलात तर उत्तम, टूर बस नंतर येतात. तटबंदीच्या आत मोठा सागवानी मंडप आहे, बाजूंनी उघडा, भिंती जवळजवळ नाहीतच, त्यामुळे आत बसलं की वारा लागतो आणि उठावंसंच वाटत नाही. मागे तांब्या-पितळेच्या पत्र्याने मढवलेला स्तूप, त्याच्या कठड्यावर बंदुकीच्या गोळीचं भोक दाखवतात, १७३२ मध्ये थिप चांग नावाच्या स्थानिक वीराने इथे घुसून शत्रूच्या सेनापतीला गोळी घातली त्याची खूण म्हणून.

पण खरी गंमत अंधारात आहे. आवारात बुद्धाच्या पाऊलखुणेचं एक छोटं उंचावरचं दालन आहे, आत जाऊन दार लावून घेतलं की फटीतून येणाऱ्या उजेडाने समोरच्या पांढऱ्या कापडावर आख्खा स्तूप उलटा उमटतो, तोसुद्धा रंगीत, सोनेरी स्तूप खाली डोकं करून आणि त्याच्या खाली निळं आकाश. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ द्यावा लागतो, लगेच बाहेर पडणाऱ्यांना काहीच दिसत नाही. या दालनात बायकांना प्रवेश नाही, पायऱ्यांपाशीच पाटी आहे, आणि हो, मला राग येतो. तशीच उलटी सावली जवळच्या विहान प्रा फुत या मंडपातही पडते आणि तिथे सगळ्यांना बघता येते, त्यामुळे नवऱ्याने वर्णन करून सांगण्याची वाट बघू नका. उजेड लख्ख पाहिजे, ढगाळ दिवशी चित्र फिकट येतं.

सोमवारी गावातच थांबा. सकाळी वात पोंगसानुक, लहानसं लाकडी देऊळ, गावकऱ्यांनी आणि जाणकारांनी मिळून ते जपून दुरुस्त केलं म्हणून २००८ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक हेरिटेज पुरस्कार मिळाला. किंवा बान साओ नाक, १८९५ चं ११६ सागवानी खांबांवर उभं असलेलं घर. दोन्ही करू नका, एक निवडा. मी देऊळ निवडेन. दुपारनंतर वाटलं तर धनबदी सिरॅमिक म्युझियम, कोंबड्याच्या वाडग्यांचं. लाम्पांगजवळ चे होम भागात चांगली पांढरी माती सापडली आणि चिनी कारागिरांनी इथे भट्ट्या टाकल्या, त्यातून हा धंदा उभा राहिला. रंगवणाऱ्या बायका बघायला मिळाल्या तर तिथेच थांबा, वाडगा एका हातात फिरत राहतो आणि ब्रशचे मोजके फटकारे, काळी शेपटी, लाल अंग, बाजूला गुलाबी फूल, खाली गवत, कुठे खोडाखोड नाही. वाडगे घ्याल तर हँडबॅगेत ठेवा.

हत्ती केंद्र, चे सोनचे गरम पाण्याचे झरे, डोंगराच्या सुळक्यांवरचे पांढरे स्तूप हे सगळं याच जिल्ह्यात आहे आणि इन्स्टावर फार सुंदर दिसतं. स्तूपांसाठी जायला साठेक किलोमीटर, मग वर चढाई, म्हणजे अख्खा दिवस गेला. तीन रात्रींत हे बसवू नका. फारच वाटलं तर एक रात्र वाढवा.

खाण्याचं. नॉनव्हेज खाणाऱ्यांना चिंता नाही, नारळाच्या दुधाच्या रश्शातल्या खाओ सोय नूडल्स, साय उआ सॉसेज, टोमॅटोच्या रश्शातल्या नाम न्गियाव शेवया, सगळं मिळतं. शाकाहारींनी मात्र तयारीने जा कारण भाजीतसुद्धा फिश सॉस जातो आणि तो त्यांच्या लेखी मीठ आहे. "किन जे" म्हणायचं, आणि पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत "जे" (เจ) असं लिहिलेलं दुकान शोधायचं, तिथे मांस, मासे, अंडं काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. अशी दुकानं बरीचशी सकाळीच उघडतात आणि दुपारपर्यंत भांडी रिकामी होतात, त्यामुळे संध्याकाळसाठी फळं आणि काहीतरी कोरडं जवळ ठेवा. खाओ तेन नक्की घ्या, चिकट भाताच्या चकत्या वाळवून तळतात आणि वर गुळाच्या पाकाची धार सोडतात, भातात कलिंगडाचा रस घालतात, लाम्पांग यासाठी प्रसिद्ध आहे.

रोख पैसे ठेवा, २० आणि १०० बाटच्या नोटा. बाजारात सगळीकडे क्यूआर लावलेले दिसतील पण ते त्यांच्या बँकांसाठी, तुमचं ॲप चालेलच असं नाही. परदेशी कार्डावर एटीएम दरवेळी २२० बाट किंवा जास्त फी कापतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. देवळात खांदे-गुडघे झाकलेले, चपला बाहेर, बसताना पाय मूर्तीकडे करू नका. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बाजारात राष्ट्रगीत लागतं, सगळे जागीच उभे राहतात, तुम्हीही राहा. आणि राजघराण्याबद्दल चेष्टामस्करी अजिबात नको, कायदा कडक आहे.

मंगळवारी पुढे चियांग माईला जायचं असेल तर बसने दीड-दोन तास लागतात आणि ट्रेनला त्याहून जास्त. तरी ट्रेनच घ्या. वाटेत खुन तानचा १,३५२ मीटरचा बोगदा लागतो, जर्मन इंजिनिअर एमिल आयझेनहोफरने बांधून घेतलेला, आणि त्याची समाधी बोगद्याजवळच्या खुन तान स्टेशनलगतच आहे. दिवसाच्या गाड्या मोजक्याच आहेत आणि उशीर नेहमीचा, त्यामुळे आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन खिडकीवर वेळ विचारून या, साध्या तिसऱ्या वर्गाचं तिकीट तिथेच ऐनवेळी मिळतं. त्याच संध्याकाळी चियांग माईहून विमान असेल तर मात्र बसच बरी.