मॅकडी खाली वळला म्हणजे भाव पडणार, असं नसतं बरं का

मॅकडी (MACD, शेअरच्या चार्टखाली लावायचा एक इंडिकेटर) लावतात सगळे, पण तो आकडा नेमका काय मोजतो विचारलं की निम्मे गप्प. मी पण सुरुवातीला नुसता त्याच्या दोन लाईनींचा क्रॉस बघून घ्यायचो-विकायचो आणि चांगल्या ट्रेंडमधून अर्ध्यातच बाहेर पडून हात चोळत बसायचो.

प्रकार सोपा आहे, दोन मूव्हिंग ॲव्हरेज (मागच्या काही दिवसांच्या भावाची सरकती सरासरी) घ्यायचे, एक चपळ एक सुस्त, चपळातून सुस्त वजा केला की झाला ऑसिलेटर, म्हणजे शून्याच्या वर-खाली हलणारा आकडा. मॅकडीत हे रोजच्या चार्टवर १२ आणि २६ दिवसांचे एक्स्पोनेन्शियल (ताज्या भावाला जास्त वजन देणारे) ॲव्हरेज असतात, वजाबाकी म्हणजे मॅकडी लाईन, तिचंच ९ चं ॲव्हरेज म्हणजे सिग्नल लाईन, आणि या दोघींमधलं अंतर म्हणजे हिस्टोग्राम. मूळ इंडिकेटर जेराल्ड ॲपेल यांचा, हिस्टोग्राम १९८६ मध्ये थॉमस ॲस्प्रेंनी जोडला. १२-२६-९ ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण नवीन असाल तर आकड्यांशी खेळत बसू नका.

आता एक काम करा, एक्सेल उघडा. एका कॉलममध्ये १०० पासून सुरू करून दर ओळीला २ वाढवत शंभरेक ओळी भाव लिहा, एक ओळ म्हणजे एक दिवस. शेजारी दोन ॲव्हरेज काढा, सुरुवात दोन्हीची १०० पासूनच, आणि पुढे कालचं ॲव्हरेज अधिक (आजचा भाव वजा कालचं ॲव्हरेज) गुणिले गुणक. गुणक १२ साठी २ भागिले १३, २६ साठी २ भागिले २७. वजाबाकीचा कॉलम बघा, मॅकडी चढत चढत १४ च्या आसपास येऊन चक्क थांबतो, भाव रोज वाढतोय तरी! कारण १२ चं ॲव्हरेज भावाच्या साडेपाच ओळी मागे चालतं, २६ चं साडेबारा, मधलं अंतर ७ ओळींचं, गुणिले २ म्हणजे १४. आता पुढच्या ओळींमध्ये भाव २ ऐवजी १ नेच वाढवा. भाव अजूनही रोज नवा हाय करतोय पण मॅकडी ७ कडे घसरायला लागतो, सिग्नल लाईन तोडून खाली जातो, हिस्टोग्राम लाल, म्हणजे शून्याखाली. आणि आपण काय करतो, लाल दिसला की शॉर्ट मारतो, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकून मोकळे.

म्हणजे ऑसिलेटर वेग सांगतो. गाडी ८० वरून ४० वर आली तरी पुढेच चाललीय ना, तसंच.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या वाचतो. मॅकडी शून्याच्या वर की खाली यावरून दिशा (शून्य म्हणजे दोन्ही ॲव्हरेज एकमेकांना क्रॉस करतात ती जागा, बाकी काही जादू नाही), आणि हिस्टोग्रामवरून वेग वाढतोय की मंदावतोय ते. शून्याच्या वर असताना हिस्टोग्राम आकसायला लागला तर नवीन माल घेत नाही, स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा थांबवायला बाहेर पडायचं तो) वर सरकवतो, बस. उलटा सौदा करायचाच असेल तर भावाने स्वतः आधीचा स्विंग लो (मागच्या घसरणीचा तळ) तोडायला हवा, नुसत्या डायव्हर्जन्सवर (भाव नवा हाय करतो पण मॅकडी आधीपेक्षा खालीच राहतो) तर मुळीच नाही, जोरदार ट्रेंडमध्ये डायव्हर्जन्स एकामागून एक तीन-चार येतात आणि भाव आपला वरच.

दोन शेअर्सची तुलना करताना मॅकडी वापरू नका. ५० च्या शेअरमध्ये २ चा फरक म्हणजे ४ टक्के, २००० च्या शेअरमध्ये २० चा फरक म्हणजे जेमतेम १ टक्का, पण आकडा दिसायला दसपट मोठा. त्यासाठी पीपीओ (PPO, मॅकडीचाच टक्केवारीतला भाऊ) लावा, तीच वजाबाकी, फक्त सुस्त ॲव्हरेजने भागून टक्क्यात.

साईडवेज मार्केटमध्ये, म्हणजे भाव ना वर ना खाली असा रेंगाळत असताना, हे सगळं गुंडाळून ठेवा, दोन्ही ॲव्हरेज एकमेकांना चिकटतात आणि क्रॉसवर क्रॉस येऊन ब्रोकरेजच जातं. आणि हो, कँडल (चार्टवरची त्या दिवसाची काडी) बंद व्हायच्या आत दिसलेला क्रॉस धरू नका, क्लोजिंगला तो गायब झालेला असतो कितीतरी वेळा.