७ टक्के सलाइन कसं द्यावं

मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार. तिला ७ टक्के सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, नेब्युलायझरनं (द्रवाचे बारीक तुषार करणाऱ्या मशीननं) श्वासातून देते. ‘मिठाचं पाणी कशाला?’ असं कुणी विचारलं की मी आधी कारण सांगते. श्वासनलिकेच्या पेशींवर सोडियम आत ओढणाऱ्या ‘ईनॅक’ नावाच्या वाहिन्या असतात. या आजारात सीएफटीआर प्रथिन बिघडल्यामुळे क्लोराइड नीट बाहेर येत नाही, सोडियम मात्र आत जातच राहतं. त्यामागोमाग पाणीही जातं आणि कफ गोंदासारखा चिकटतो. सलाइन ते पाणी पुन्हा पृष्ठभागावर ओढतं.

आधी श्वासनलिका मोकळी करणारा इनहेलर द्या, थोडं थांबा. ही पायरी गाळू नका. नुसत्या सलाइननं छाती आवळू शकते. (म्हणूनच पहिला डोस डॉक्टरांसमोर.) मग सलाइन, सहसा ४ मिली, दिवसातून दोनदा. माउथपीस दातांमध्ये, ओठ मिटलेले, श्वास संथ. खोकल्याची उबळ आली की मशीन थांबवा, कफ थुंकू द्या. खोकला यायलाच हवा. लगेच छातीची फिजिओथेरपी. नेब्युलायझरचं अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यात शेवटी, नाहीतर औषध कफावरच बसतं.

मशीनचा औषधाचा कप दर वेळी धुवा, निर्जंतुक करा, पूर्ण वाळवा. कंटाळवाणं काम, पण ओल्या कपात स्यूडोमोनास (फुफ्फुसात संसर्ग करणारा जंतू) वाढू शकतो. आणि मीठ घरी विरघळवू नका, निर्जंतुक बंद कुपीच घ्या.