पहिलं घर घेताय? इसार देण्याआधीच्या या चुका टाळा

घर बघायला लोक चार-चार रविवार घालवतात. फरशी, दाराची दिशा, ओट्याची उंची, सगळं पारखून घेतात. सातबारा मात्र एजंटच्या मोबाइलवर बघून ‘क्लिअर आहे’ म्हणतात. संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, आयुष्यभराची पुंजी अडकते ती या न वाचलेल्या कागदापायी.

बाँड म्हणजे रजिस्ट्री नव्हे

सगळ्यात जास्त जीव जळतो तो या चुकीपायी. शहराच्या कडेला, शेताच्या गटात वीस बाय तीसचा प्लॉट असतो. कोपऱ्यांना दगड, मधे मुरमाचा रस्ता, भाव शेजारच्या एन.ए. (बिगरशेती) लेआऊटच्या निम्मा. एजंट सांगतो, ‘रजिस्ट्री सध्या बंद आहे, बाँड करून देतो, पुढं गुंठेवारी होऊन जाईल.’ कंपनीत बारा तास राबणारं जोडपं सोनं मोडून पैसे आणतं. स्टँपवर नोटरी होते, कब्जेपावती मिळते, दसऱ्याला कुदळ पडते.

खरं तर रजिस्ट्री ‘बंद’ वगैरे नसते, त्या तुकड्याची ती होण्यासारखी नसते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ६०० फुटांचा प्लॉट जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा. नागरी भागात अलीकडे हे नियम सैल झाले आहेत, पण त्यानं जुन्या बाँडचं आपोआप खरेदीखत होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायला नोंदणी केलेला दस्तच लागतो. नोटरीचा शिक्का सही कुणाची ते सांगतो, मालक कोण ते नाही. मुखत्यारपत्र आणि साठेकरार यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच स्पष्ट केलं आहे.

पुढं काय होतं? पाच-सात वर्षांनी मूळ शेतकरी वारतो. सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव असतं, म्हणून वारसांची नावं लागतात. वारस म्हणतात, आम्ही कुठं सही केली? किंवा तोच गट दुसऱ्या कुणाला रीतसर खरेदीखतानं विकला जातो. घरात तुम्ही राहता, पण कागदावर तुम्ही कुणीच नसता. पोरीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला जावं तर बँक तो बाँड तारण घेत नाही. विकायला काढलं तर गिऱ्हाईकही बाँडवालंच मिळतं, पडत्या भावात.

‘गुंठेवारी होऊन जाईल’ या वाक्यावर तर एक रुपयाही देऊ नका. बिनपरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्याच गुंठेवारीला दार उघडलं. नंतर पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. विकणाऱ्याकडं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र असेल तर ते पाहा. नसेल तर तो प्लॉट अनियमित आहे असंच धरा.

हाच घोळ खेड्यालगत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून होतो. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच तिच्यात असतं. लाइट बिल आणि घरपट्टीची पावती दाखवून कुणी ‘मालकी’ म्हणाला की तिथून उठावं.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी एन.ए. आदेशाची प्रत, मग शिक्क्यासह मंजूर लेआऊटचा नकाशा. त्यावर आपला प्लॉट नंबर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची ‘क’ प्रत घेऊन जागेवर जायचं, टेप लावायचा आणि चारी बाजू नकाशाशी जुळवायच्या. लेआऊटची एकूण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर प्लॉटच्या लेआऊटलाही महारेराची (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते. रेरा फक्त फ्लॅटला, हा गैरसमज प्लॉट विकणाऱ्यांच्याच सोयीचा आहे.

बहिणीची सही आणि वर्ग २ ची जमीन

तीन भाऊ मिळून जमीन विकतात, सातबाऱ्यावर तिघांचीच नावं. खरेदीखत होतं, घर उभं राहतं आणि मग सासरी गेलेल्या बहिणीचा वाटपाचा दावा दाखल होतो. ती चुकीची नसते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. कोर्टात तारखा सुरू होतात, आणि त्यात होरपळतो तो ज्याचा या भावंडांशी काही संबंध नाही असा खरेदीदार.

म्हणून आजचा सातबारा पुरत नाही. नावं कशी लागली ते फेरफारात कळतं. प्रत्येक फेरफार नंबर काढा आणि वारसाच्या नोंदीत मुली, विधवा आई, मयत मुलाची बायको-पोरं आली का ते मोजा. एखादं नाव गळालं असेल तर त्या व्यक्तीची खरेदीखतावर सही घ्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. ‘ती आमचीच बहीण आहे, काही म्हणणार नाही’ या बोलण्याला कोर्टात किंमत नाही.

मराठवाड्यात याच्याही मागं जावं लागतं, कारण आपली जमीन निजामाच्या राज्यातून आली. इथं कूळकायदा १९५० चा हैदराबादचा, इनाम रद्द करणारा कायदा १९५४ चा. १९५४-५५ चं खासरा पत्रक (त्या काळची जमिनीची नोंद) काढून त्यात देवस्थान, मदतमाश, खिदमतमाश (निजामकाळची इनामं), वक्फ किंवा कुळाची नोंद आहे का ते पाहावं. आजच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा आदेश हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नका. ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत, आणि विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथंच लिहिलेला असतो.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो स्वतः काढा, एजंटचा स्क्रीनशॉट नको. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि वकील आपला असावा, बिल्डरनं सुचवलेला नाही. फी वाचवायला लोक इथंच हात आखडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुहूर्तावर इसार

पाडवा आला की बुकिंगची घाई होते. मुहूर्त जरूर पाळा, पण तो खरेदीखताला पाळा. कागद तपासायला महिना लागतो आणि तो द्यावाच लागतो. इसार द्यायचाच तर चेकनं. ‘कागदात दोष निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ इसारपावतीत लिहून घ्या. रेरातल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

२५ लाखांचं घर २५ लाखांत येत नाही

महापालिका हद्दीतला, काम चालू असलेला २५ लाखांचा फ्लॅट धरा. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त ९० टक्के देते, म्हणजे साडेबावीस लाख. उरले अडीच लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ६ टक्के, दीड लाख. खरेदी बाईच्या नावानं असेल तर एक टक्का कमी, म्हणजे २५ हजार वाचतात. नोंदणी फी १ टक्का, २५ हजार. ती ३० हजारांच्या वर जात नाही. चटई क्षेत्र (घराच्या आतली वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का, आणखी २५ हजार. झाले साडेचार लाख. वकील, प्रोसेसिंग फी, मीटर, पंखे, पडदे वेगळे. सहा लाख रोकड जवळ नसेल तर अजून वर्षभर थांबा. डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढणं हा तर सरळ खड्डा आहे.

साडेबावीस लाखांचा साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे १९,५०० रुपये, १५ वर्षांचा सुमारे २२,१५०. महिना २,६५० रुपये जास्त भरले तर एकूण फेडीत जवळपास ७ लाख वाचतात. झेपत असेल तर १५ च घ्या.

पाणी आणि काळी माती

लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी घर बघताना ‘नळ आहे ना?’ एवढंच विचारलं जातं. विचारा, नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ येतो, आणि मे महिन्यात बोअर चालतो का. उत्तर शेजाऱ्याकडून घ्या, विकणाऱ्याकडून नाही. पाच माणसांना दिवसाला माणशी १३५ लिटरप्रमाणे ६७५ लिटर लागतात. आठ दिवसांनी पाणी येत असेल तर ५,४०० लिटरचा हौद हवा, म्हणजे पाण्याची जागा २ मीटर लांब, १.८ रुंद, दीड मीटर खोल. त्याहून लहान हौद म्हणजे टँकर.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरुमापर्यंत गेला नसेल तर भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात, दारं चौकटीत अडकतात. रो-हाऊस बघायला मे महिन्यात जा. विक्रीआधी नुकताच रंग दिला असेल तर बाहेरची आणि जिन्याखालची भिंत निरखा. स्वतः बांधणार असाल तर आधी एक खड्डा खोदून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा, आणि जोत्यातली भर काळ्या मातीची नको, मुरुमाची घाला, वीत-वीतभर थरांत, पाणी मारून, धुमसून.

आणखी काही

बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद साफ, असं नाही. बँक आपल्या पैशापुरतं बघते.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या फ्लॅटचा ताबा घेऊ नका.

भाव चटई क्षेत्रावर काढा. जिना-लॉबी धरून फुगवलेला सुपर बिल्टअपचा आकडा कानामागं टाका.

सिडकोचं घर भाडेपट्ट्याचं असेल तर हस्तांतरणाची परवानगी आधी, पैसे नंतर.

रजिस्ट्री झाली की लोक पेढे वाटून मोकळे होतात आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. इंडेक्स-टूची (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत त्याच दिवशी घ्या. फेरफाराची नोटीस १५ दिवसांची असते, ती आपली चावडीच्या संकेतस्थळावर दिसते. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली की नवा सातबारा किंवा पी.आर. कार्ड (शहरातलं मालमत्ता पत्रक) काढून नावातलं अक्षर न् अक्षर आधारशी ताडून पाहा. मग घरपट्टी आणि वीज मीटर नावावर करा.