हुआ हिनला गोल्फ ट्रिप काढायचीय? मग आधी हे ठरवा

थायलंडला गोल्फ म्हटलं की आपल्याकडचे ग्रुप डोळे मिटून पट्टाया नाहीतर फुकेत धरतात. तिकडेही कोर्स चांगलेच आहेत, पण ट्रिप खरंच गोल्फची असेल आणि सोबत घरची मंडळीही येणार असतील तर माझं मत हुआ हिनला. बँकॉकपासून नैऋत्येला साधारण २०० किमी, समुद्रकाठचं गाव, राजघराण्यातले लोक हवा पालटायला यायचे तिथून वाढलेलं, आणि आजूबाजूला इतके कोर्स की एका फेरीत सगळे उरकणं शक्यच नाही. उरकायला जाऊही नका. अशा ट्रिपा कोर्समुळे बिघडत नाहीत, वेळापत्रकात सगळं कोंबल्यामुळे बिघडतात.

१. आधी माणसं, मग तारखा

चार किंवा आठ. पाच जण असले की एकाची कुचंबणा होते, कारण टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, फोरबॉलच्या म्हणजे चौघांच्या हिशोबाने मिळतो आणि पाचव्याला कुठल्यातरी अनोळखी ग्रुपमध्ये घुसवावं लागतं. व्हॉट्सअॅपवर 'काउंट मी इन' म्हणणारे ढीगभर असतात, त्यामुळे तारीख फायनल करायच्या आधी अॅडव्हान्स घ्या, ज्याचे पैसे आले तो येतोय, बाकीचे चर्चेत आहेत. हिशोब एकाच्याच हातात ठेवा आणि तो माणूस चिकट असला तर फारच उत्तम.

हँडिकॅप, म्हणजे ज्याला त्याला मिळणारी फटक्यांची सवलत, कमी-जास्त असले तरी बिघडत नाही, दर होलला गुण देणारी स्टेबलफोर्ड पद्धत खेळा म्हणजे २८ हँडिकॅपवाला कच्चा खेळाडूही शेवटच्या होलपर्यंत गेममध्ये राहतो.

२. सीझन

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचा आणि अर्थातच सगळ्यात महागाचा. मार्च ते मे मरणाचा उकाडा, आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत स्वस्त दिसतं म्हणून जाणार असाल तर पहाटेचेच टी टाइम घ्या, दुपारी खेळायचा विचार सोडून द्या. एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नववर्ष, सोंगक्रान असतं, रस्त्यावर पाण्याची धुळवड, हॉटेलं फुल्ल. दिवाळीच्या सुट्टीचा घोळ वेगळाच, कारण हुआ हिनकडे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा सुरुवातीचा भाग हाच मुख्य पावसाचा. आपल्याकडे पाऊस संपला म्हणजे तिकडेही संपला असेल, असं नाही.

दुसरं म्हणजे आठवड्याचे वार. बँकॉकचे लोक शनिवार-रविवारी गाडी काढून थेट हुआ हिन गाठतात, मग ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचे पैसे, चढते आणि १८ होलचा एकेक राउंड पाच-साडेपाच तास खेचतो. त्यामुळे शनिवारी रात्री निघा, रविवारी पोचा, आणि सोमवार ते शुक्रवार खेळून घ्या. ऑफिसला एक आठवडा रजा टाकावी लागते खरी, पण पैसे आणि डोकं दोन्ही वाचतं.

३. कोर्स निवडणं

सहा रात्रींत चार राउंड पुष्कळ झाले. रोज ३६ होल खेळायची भाषा विमानात ठीक असते, तिसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते.

पहिला राउंड रॉयल हुआ हिनवर लावा. १९२४ सालचा कोर्स, थायलंडमधला पहिला पूर्ण १८ होलचा म्हणून ओळखला जातो, आणि तो आखला ए. ओ. रॉबिन्स नावाच्या स्कॉटिश रेल्वे इंजिनियरने. म्हणूनच तो अगदी स्टेशनला खेटून आहे. जुनं लाकडी स्टेशनही बघण्यासारखं, गाड्या आता शेजारच्या उंचावरच्या नव्या स्टेशनवरून जातात. कोर्स जुन्या पद्धतीचा, मोठी झाडं, चढउतार, आणि माकडं, त्यामुळे बॅगेच्या उघड्या खिशात केळी ठेवू नका. मोठ्या कोर्सेसच्या मानाने हा स्वस्त, आणि प्रवासाने आखडलेले हात मोकळे करायला एकदम बरोबर.

मग ब्लॅक माउंटन. गावापासून आत डोंगरांच्या बाजूला, २००७ साली सुरू झालेला. २०११ ला युरोप विरुद्ध आशियाची रॉयल ट्रॉफी इथे झाली आणि २०१५ ला युरोपियन टूरची स्पर्धा. पाणी भरपूर आहे, तेव्हा बॉल जास्तीचे न्या आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, निवडताना इगो घरी ठेवा, मागच्या टीवरून खेळून कुणी शाबासकी देत नाही. तिसरा पाइनॅपल व्हॅली, ज्याला जुने लोक अजून बन्यानच म्हणतात. हे दोन्ही महाग आहेत, पण ट्रिपला आलाच आहात तर इथे हात आखडू नका, चौथ्या राउंडवर वाचवा. चौथ्यासाठी शेजारच्या चा-अम गावाकडचा स्प्रिंगफील्ड घ्या, नामांकित गोल्फर जॅक निकलॉसने डिझाइन केलेला, किंवा बजेट ताणलं असेल तर पाम हिल्स. दोन महागडे कोर्स पाठोपाठ लावू नका, मध्ये एक दिवस बीचसाठी मोकळा सोडा.

४. टी टाइम बुक करताना

क्लबला थेट मेल करता येतो किंवा तिथल्या गोल्फ एजंटकडून पॅकेज घेता येतं. एजंट वाईट नसतात, बऱ्याचदा रेट क्लबपेक्षा कमी पडतो कारण ते घाऊक स्लॉट घेतात. फक्त एक गोष्ट लेखी विचारा: या आकड्यात ग्रीन फी, कॅडीची (सोबत बॅग सांभाळणाऱ्या मदतनीसाची) फी आणि कार्ट (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) तिन्ही आहेत का, आणि कार्ट सक्तीची आहे का. दोन पॅकेजमधला फरक निम्म्या वेळा एवढ्यावरच असतो. पावसाने राउंड थांबला तर पैसे परत की पुन्हा खेळायचं कूपन, हेही विचारून ठेवा.

सकाळी सात-साडेसातचा टी टाइम घ्या. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं, म्हणजे पहिल्या दिवशी तुमचं शरीर म्हणतंय पहाटेचे साडेपाच. म्हणून उतरल्या दिवशी राउंड ठेवूच नका, रात्रभराच्या फ्लाइटनंतर तीन तास रस्ता आणि वर १८ होल, कोणीही धड खेळत नाही.

५. बॅग, विमान आणि व्हॅन

मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तास. तिकीट स्वस्त दिसलं तरी स्पोर्ट्स इक्विपमेंटचा नियम आधी वाचा, काही एअरलाइन्स गोल्फ बॅग नेहमीच्या वजनात धरतात, काही वेगळे पैसे लावतात, आणि काउंटरवर भरायला गेलं की तेच जड पडतं. क्लब, म्हणजे खेळायच्या स्टिक, केबिनमध्ये चालत नाहीत, त्या चेक-इनलाच.

पॅकिंग असं करा. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब क्लबचं, हेड फिरवून काढता येत असेल तर काढून मोज्यात घाला आणि कपड्यांमध्ये ठेवा. बाकीच्या क्लबांच्या मध्ये ड्रायव्हरपेक्षा चार बोटं उंच अशी एक काठी उभी करा, घरातल्या मॉपचा दांडाही चालतो, बॅग उलटी आपटली तर मार काठी खाते, क्लबची दांडी नाही. वर टॉवेल गुंडाळा. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरची सुटी बॅटरी आणि पॉवर बँक मात्र केबिन बॅगेत.

एअरपोर्टवरून साधी टॅक्सी करू नका, चार माणसं आणि चार गोल्फ बॅगा सेडानमध्ये बसत नाहीत. आधीच व्हॅन ठरवा आणि बुक करताना माणसांसोबत बॅगांचा आकडाही सांगा. तीच व्हॅन ड्रायव्हरसकट सगळ्या राउंडसाठी ठेवली तर रोजची घासाघीस वाचते. एकटेच असाल तर बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टवरून हुआ हिनला थेट बस आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश २०२३ च्या नोव्हेंबरपासून मिळायला लागला, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाची साइट बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. आणि व्हेप कोणी आणणार असेल तर त्याला आत्ताच थांबवा, थायलंडमध्ये बंदी आहे.

६. कॅडी

प्रत्येक खेळाडूला एक कॅडी, आणि ही सक्तीच असते. बहुतेक बायका, डोक्यावर मोठी हॅट, चेहरा झाकलेला, जॅकेटवर नंबर. त्यांचं इंग्लिश मोजकं असतं पण कामाचं सगळं येतं. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, त्या बॉल पुसतात, त्यावरची रेघ मारायच्या लाइनवर लावून देतात आणि बोटांनी दाखवतात, उजवीकडे दोन कप (होलच्या दोन रुंदी) वगैरे. ऐका त्यांचं. गवताचा कल कुठे आहे हे तुम्हाला डोळ्यांना दिसत नाही, त्या रोज तिथेच असतात. आपल्याला लाइन वेगळी वाटते म्हणून वेगळी मारायची आणि मग तिच्याकडे बघून मान हलवायची, हा आपल्या लोकांचा आवडता खेळ, तो नको.

टिप कॅडी फीपेक्षा वेगळी, ३०० ते ४०० बाट साधारण चालतात, हातात रोख द्यायचे. सुट्ट्या नोटा आदल्या रात्रीच वेगळ्या काढून ठेवा. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी सुमारे २२० बाट कापतं, त्यामुळे थोडेथोडे काढू नका.

७. जे गोल्फ खेळत नाहीत त्यांचं काय

हे आधी ठरवलं नाही तर चौथ्या राउंडच्या सकाळी तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल. चा-अमचा मृगदायवन राजवाडा, सागवानी, समुद्रालगत. दक्षिणेला खाओ साम रोई योत नॅशनल पार्कमधली फ्राया नाखोन गुहा, आत उजेडात उभा असलेला मंडप, पण तिथपर्यंत चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांना पाठवू नका. सिकाडा मार्केट फक्त शुक्रवार ते रविवार संध्याकाळी असतं, त्यामुळे शुक्रवारची रात्र त्यासाठी ठेवा.

शाकाहाऱ्यांनी 'जे' एवढं सांगायला शिका, नुसतं नो चिकन म्हटलं तरी भाजीत फिश सॉस येतोच. कोर्सवर मध्ये खाण्यापिण्यासाठी असलेल्या हाफवे हटमध्ये व्हेज फार मिळत नाही, म्हणून बॅगेत भडंग आणि चिक्की असू द्या, चेनचा खिसा लावून.

परतीला शनिवारी दुपारी चारच्या आत हुआ हिन सोडा. फ्लाइट रात्री उशिराची असेल तरी बँकॉकच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, आणि गोल्फ बॅगा बहुतेक वेळा ओव्हरसाइज काउंटरवर वेगळ्या द्याव्या लागतात, तिथेही लाइन असतेच.